खोकल्याचं औषध

आमच्या नायगावच्या सोसायटीत औषधपेटी आली तेव्हा नारळ फुटला, फीत कापली गेली आणि तीन भाषणं झाली. घरात उरलेल्या गोळ्या रहिवाशांनी पेटीत टाकायच्या, ज्याला लागतील त्याने घ्यायच्या. अध्यक्षांनी याला आरोग्यक्रांती म्हटलं. मला ती ड्रॉवर रिकामे करण्याची सोय वाटली. टाळ्या मात्र मीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात खोकला झाला, तेव्हा पेटीतली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी मीच उचलली.

माझे ठोके मधूनच ताल सोडतात, म्हणून रोजची एक गोळी चालू होती. ती देताना वसईच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. हृदयाच्या पेशीला सूक्ष्म दारं असतात. एका दारातून सोडियम आत शिरलं की ठोका सुरू होतो. दुसऱ्यातून पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. माझी गोळी हे दुसरं दार थोडं अडवते. पेशीला तयार व्हायला उशीर लागतो आणि मधेच घुसणारा भलता इशारा वाया जातो. उशीर फार वाढला, तर मात्र भलतीच लय सुरू होऊन माणूस जातो. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं होतं.

खोकल्याच्या तिसऱ्या दिवशी नेहमीच्या ईसीजीची पाळी होती. तो उशीर किती, हे पाहायला बाईंनी कागदावरचे बारीक चौकोन मोजले. मग पुन्हा मोजले. डॉक्टर पुन्हा मोजू लागले की मला घाम फुटतो.

"चक्कर?"

"काल जिन्यात आली. किंचित."

"दुसरं काही औषध घेताय?"

"नाही."

"अहो, ती पेटीतली गोळी!" सोबत आलेली बायको म्हणाली.

"ते औषध कुठं? ते खोकल्याचं."

"तेही तेच दार अडवतं," बाई म्हणाल्या. "आता घरी जायचं नाही."

दोन दिवस मी मॉनिटरवरची हिरवी रेघ पाहत पडलो होतो. प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येईपर्यंत थांबायचं, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी चौकोन पूर्वीइतके भरले आणि मला सोडलं.

पेटी अजून आहे. तिच्यावर आता 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे' अशी पाटी आहे. पाटीचंही उद्घाटन झालं. मी गेलो नाही.

परवा बाईंनी पुन्हा विचारलं, "दुसरं काही घेताय?"

मी हळदीच्या दुधापासून सुरुवात केली.