गुंडावरची बारा नावं

भांड्यांच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. पॉलिशची काळी भुकटी नखात बसते तसे ते बसतात, आणि साबणाने निघत नाहीत. मी भंडाऱ्यात एका पितळेच्या दुकानात भांड्यांवर नावं टाकतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून हेच काम. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर मोकळं बोलतात. पुढचं सगळं तसंच ऐकलेलं. फक्त शेवटचं माझ्या अंगावर आलेलं आहे.

*

जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले मेश्राम काका आमच्याकडे चहाला येत. एकदा त्यांनी सांगितलं, जगात एक नवं नाणं निघालं आहे. ते दिसत नाही, वाजत नाही, फोनमध्ये असतं. काकांनी ते घेऊन ठेवलं होतं. मुलगी डॉक्टर होत होती, तिला दवाखाना टाकून द्यायचा होता.

मालकांनी विचारलं, हे काढलं कोणी? काका म्हणाले, एक जपानी नाव आहे, पण तो माणूस कोणी पाहिलेला नाही. नाणं सुरू केलं आणि गायब झाला. तो एक आहे की दहा जण आहेत, तेही माहीत नाही.

आमच्या धंद्यात साध्या वाटीवरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं, कारण त्याच्या घरी लग्न निघालं की आहेर परत करावा लागतो. मालकांनी कप खाली ठेवला.

"देनारा कोन हे मालूम नाही, मंग परत कोनाले कराचं?"

सगळे हसले. मी मशीन बंद करून उगाच मागे वळून पाहिलं!

*

मग हे नाणं सगळीकडे झालं. टीव्हीवर सोन्याच्या भावाखाली त्याचा भाव फिरू लागला. न्हावी दाढी अर्धी सोडून फोन बघायचा. दुकानासमोरचा ऑटोवाला सवारी सोडून मोबाईल बघत बसायचा. भाव चढला की हे लोक बोलायचे, पडला की गप्प बसायचे. गप्प बसलेले मला जास्त भीतिदायक वाटायचे.

मालकांचा विश्वास मात्र बसेना. शेवटी सरकारने त्यावर टॅक्स लावला. त्या दिवशी काका पेढे घेऊन आले.

"आता बोला. सरकार टॅक्स घेऊन राहिलं म्हंजे नाणं खरं हाये का नाही?"

मालकांनी पेढा घेतला. "आता खरं झालं," ते म्हणाले. "आता भेव लागून राहिलं."

*

आमचे पॉलिशवाले बंडूभाऊ पितळ नुसतं वासावरून ओळखतात. एका हॉलमध्ये कोणीतरी स्वतःचंच नवं नाणं काढलं होतं, त्याच्या मीटिंगला ते गेले. नाश्ता होता म्हणून गेले, असं ते म्हणतात. कोटवाल्या साहेबाने पडद्यावर नाणं दाखवलं आणि हे आपोआप दुप्पट होईल म्हणाला. बंडूभाऊंनी उभं राहून विचारलं, याचा वास घेता येईल का? हॉल हसला.

पुढच्या आठवड्यात हॉलला कुलूप होतं. बाहेर माणसं उभी होती. नुसती कुलपाकडे बघत होती.

"तुमाले आधीच कसं समजलं?" मी विचारलं.

"सायेब पानी प्याले वाकला ना, तवा कोटाच्या कॉलरले भाड्याची चिठ्ठी दिसली."

*

त्यानंतर काका घाबरले. नाण्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. फोन बिघडला तरी त्या शब्दांनी, त्याच क्रमाने, सगळं परत मिळतं. आणि दुसऱ्या कोणाला ते कळले तर सगळं त्याचं. त्यांनी ते कागदावर लिहिले होते, पण कागदाचा एक कोपरा वाळवीने खाल्ला. शब्द थोडक्यात बचावले. म्हणून त्यांना ते पितळेवर हवे होते.

दुकानात नावं टाकणारे आम्ही दोघं. दुसरा बारावी झालेला. काका माझ्याकडे आले.

"तुले इंग्रजी येत नाही ना, बाबू? मंग तूच पाहिजे."

मला वाईट वाटलं, पण ते खरंच होतं. एकेक अक्षर चित्रासारखं बघून मी गुंडाच्या, म्हणजे पाणी भरायच्या पितळी घागरीच्या, गळ्याभोवती बारा शब्द टाकले. काकांनी तिथेच भट्टीत कागद जाळला. मग गुंड फिरवून बघितला आणि थांबले. बाराव्या शब्दानंतर माझ्या हाताने सवयीने पुढचं टाकून दिलं होतं: "यांजकडून सप्रेम भेट".

खोडून टाकायला मी कानस उचलली. काका मात्र खुश झाले.

"राहू दे. चोराले वाटन, लग्नाचं भांडं हाये."

*

चोराला वाटलं की नाही माहीत नाही. काकूंना वाटलं! शेजारच्या मुलीचं लग्न होतं, काकूंनी माळ्यावरचा न वापरलेला गुंड काढला, सप्रेम भेट वाचलं आणि आहेरात ठेवून दिला. गुंड नवरीबरोबर तिच्या सासरी, बपेऱ्याला गेला. हे कळलं केव्हा? पाच महिन्यांनी, काकांचा फोन कायमचा बंद पडला तेव्हा.

काका दुकानात आले. "बाबू, तुले आठवते काय?" एवढंच विचारलं.

मी नाही म्हणालो. खरं तर चार-पाच शब्द मला दिसत होते, अक्षरांच्या चित्रांसारखे. पण आठवतात म्हटलं असतं, आणि नाणी आधीच गेलेली निघाली असती, तर चोर मीच ठरलो असतो.

*

आम्ही तुमसरवरून बपेऱ्याला गेलो. नवरी शेतावर गेली होती. तिची सासू अंगणात बसली होती. काकांनी गुंडाचं विचारलं.

"तो? लय जड होता. सुनेले उचलत नोहोता. भांडेवाल्याले देल्ला, स्टीलचा घेतला."

काका तिथेच जमिनीवर बसले. म्हातारीने त्यांना पाणी दिलं, स्टीलच्या गुंडातलं.

"मी देत नोहोती, दादा. बारा झनाईनं मिळून देल्ला आहेर. पन नावं मी सुनेकडून वाचून घेतली, रोज अंगनात बसून घोकते. सून म्हनते, हे कोन लोक हायेत, मले मालूम नाही. पन त्याईच्या घरी लग्न निंगालं तं आपल्यालेच परत करा लागन ना?"

काकांनी नवा फोन काढला. "सांगा, बाई. हळू सांगा."

म्हातारीने डोळे मिटले. "लेमन. टायगर. अंकल..." एकेक नाव ती बोट मोडून घेत होती आणि काका टाइप करत होते. नऊ नावं झाली. दहाव्याला ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच अडली.

दहावा शब्द मला दिसत होता. काका माझ्याकडे बघत होते. माझं तोंड उघडलं नाही.

"अवं, कोन होता तो दहावा?" म्हातारीने कुडाकडे तोंड करून विचारलं.

"विंडो!" कुडापलीकडून शेजारीण म्हणाली. आणि तिच्याही पलीकडच्या अंगणातून आणखी कोणीतरी उरलेली दोन नावं सांगितली.