कलाकार : अहो

'अननोन आर्टिस्ट' या गृहस्थावर माझा मनापासून राग होता. पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि कुठलीही सीडी घातली की स्क्रीनवर हाच हजर. कुणीतरी जीव तोडून गातंय आणि वर लिहिलेलं काय, तर अननोन आर्टिस्ट, अननोन अल्बम, ट्रॅक झीरो वन. बाजारातल्या एमपीथ्री सीडींची तऱ्हा तर आणखीच वेगळी. एका सीडीत ढीगभर गाणी, आणि निम्म्या गाण्यांच्या नावाला कुठल्याशा वेबसाइटचा पत्ता चिकटलेला. अभंगाच्या पुढे डॉट कॉम वाचलं की माझं डोकं फिरायचं.

मग सुट्टीच्या दिवशी मी राइट क्लिक करत बसायचे. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, अल्बम, सगळं नीट भरायचं. एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी लिहिलेलं असायचं, म्हणून प्लेअर तिला तीन बायका समजायचा. त्या तिघींची मी एक करायचे आणि मगच जेवायला उठायचे. आई म्हणायची, "एवढं मन लावून कपाट आवरलं असतंस तर!" बाबा म्हणायचे, "अगं, गाणं ऐकायचं असतं. तुला ते वाचायचं का असतं?"

बाबा उरणच्या गॅस प्लांटवर शिफ्टला जायचे, कंपनीच्या बसने. गाण्यांची त्यांना आवड होती, पण त्यांचं स्वतःचं असं एकच गाणं होतं, आणि ते त्यांनीच केलेलं होतं. लहानपणी मी झोपायला फार छळायचे, तेव्हा त्यांनी बसच्या रस्त्यावरची गावं जोडून अंगाई रचली. पनवेल गेलं, गव्हाण आलं, गव्हाण गेलं, जासई आलं. बस उरणला पोचली की बाळाने झोपलं पाहिजे, असा करार. मी मोठी झाले, तरी गाणं काही रिटायर झालं नाही. रविवारी नारळ खवायचं काम बाबांकडे असे, आणि विळीवर बसून ते हेच म्हणत. जासईला असा लांबलचक सूर लावत की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "आज सोलकढी वाटतं?"

मग बाबांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, थायरॉइडची आहे, साधी दिसतेय, काढून टाकू. पण आवाजाची नस तिला लागूनच जाते, तेव्हा आवाज बदलू शकतो, आधीच सांगून ठेवतो. बाबांनी मान डोलावली आणि घरी येताना रिक्षात आंबे यंदा किती उशिरा आले यावर भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझ्या त्या डबीत आवाज भरता येतो ना?"

डबी म्हणजे माझा एमपीथ्री प्लेअर. लाइन आळीच्या बाजारातून घेतलेला, काडेपेटीएवढा, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. रेकॉर्डिंगची सोय त्यात होती, पण मी ती कधी वापरली नव्हती. रविवारी आईने तो चालू करून रिकाम्या करवंटीत ठेवला आणि करवंटी विळीशेजारी सरकवली. बाबांना सगळं दिसत होतं. त्यांनी न दिसल्यासारखं केलं आणि त्या दिवशी बस उरणपर्यंत अगदी झोकात नेली.

फाइल कॉम्प्युटरवर घेतली तेव्हा तिचं नाव होतं व्हॉइस झीरो वन. हे मला चालणार नव्हतंच. मी आईला शेजारी बसवलं.

"टायटल काय लिहू?"

"पनवेल-उरण," ती लगेच म्हणाली.

"आर्टिस्ट?"

"म्हणजे?"

"गाणाऱ्याचं नाव."

"तुला माहीत नाही?"

"तू सांग. रेकॉर्डिंग तुझं आहे."

आई लाजली. तिने बाबांचं नाव आजवर फक्त उखाण्यात घेतलेलं, तेही हळदीकुंकवाला बायकांनी अडवून धरल्यावर. बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती पासबुक पुढे करायची. मलाही त्या दिवशी चेव चढला. "तोंडाने घेऊ नकोस हवं तर. टाइप कर."

"सरक मग," ती म्हणाली. एका बोटाने तिने ए शोधला, एच शोधला, ओ शोधला, आणि एन्टर मारलं.

"अहो?" मी वाचलं. "आई, हे नाव नाहीये."

"नाही कसं? इतकी वर्षं ओ देतायत की!"

स्पेलिंगची एवढी शिस्त असलेली मी, पण याला हात लावायची माझी छाती झाली नाही. शिवाय हसून पोट दुखायला लागलं होतं. प्लेअरमध्ये नावं एबीसीडीच्या क्रमाने लागायची, त्यामुळे बाबा थेट पहिल्या नंबरवर आले. ते त्यांना इतकं आवडलं की ऑपरेशनला जातानाही सांगत होते, भलेभले गायक माझ्या खाली आहेत म्हणून.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधीच निघाली, आम्ही पेढे वाटले. आवाज मात्र गेला तो गेलाच. उरला तो घोगरा, नुसती हवा जाणारा, सायकलच्या पंपासारखा. थोडा सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते आणि तो थोडाच सुधारला. फोन वाजला की बाबा आईकडे द्यायला लागले. एकदा चुकून त्यांनी उचलला तर पलीकडून त्यांच्या सख्ख्या भावानेच विचारलं, कोण बोलतंय? बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रविवारी ते नारळ खवायचे, पण मुकाट्याने. ती नुसती खरखर मला ऐकवायची नाही. हा माणूस असाच हळूहळू बोलायचा बंद होईल, अशी मला भीती वाटायची, आणि आईलाही वाटत असणार, कारण ती हल्ली विनाकारण जास्त बोलायची.

एका दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती, एका कानात इयरफोन. बाबा शेजारून गेले, प्लेअरच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऐक, त्याचंच ऐक. तो बरा गायचा."

तो! स्वतःलाच तो. मला रडूच आलं. आईने इयरफोन काढला, घडी पूर्ण केली आणि एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला चांगलं ओळखता येतं. काहीतरी शिजत होतं.

पुढच्या रविवारी तिने बाबांपुढे विळी मांडली, नारळ फोडून दिला, आणि करवंटीत प्लेअर ठेवला. या वेळी लपवाछपवी नाही, समोर, रेकॉर्डिंग चालू करून. स्वतः पाट घेऊन पुढ्यात बसली.

"म्हणा."

"काय म्हणू? हा काय गाण्याचा आवाज आहे?"

"म्हणा हो. बस सुटेल."

बाबांना हसू आलं. हसणंसुद्धा घोगरंच झालं होतं. मग त्यांनी खवायला सुरुवात केली आणि पनवेल सोडलं. गव्हाणला आवाज फाटला. जासईला तो लांब सूर लागलाच नाही, नुसता खोकला आला आणि ते थांबले. मला वाटलं, संपलं. आई पाटावर तशीच बसून राहिली. "थांबते कधीकधी जासईला," ती म्हणाली. "चढतात माणसं." बाबा पाणी प्यायले, त्यांनी विळीवर वाटी फिरवली आणि जवळजवळ कुजबुजत बस उरणला नेली.

संध्याकाळी मी फाइल कॉम्प्युटरवर घेतली. आई माझ्या शेजारी, बाबा आमच्या मागे उभे. कॉम्प्युटरने आपल्या सवयीने लिहिलं, अननोन आर्टिस्ट.

"बरोबर लिहिलंय त्याने," बाबा म्हणाले.

"सरक गं," आई मला म्हणाली. खुर्ची ओढून ती कीबोर्डसमोर बसली, आणि मागे न बघताच बाबांना म्हणाली, "लग्नात तांदळात अंगठीने लिहून माझं नाव बदललंत. मी बदलले का?"

आईने एका बोटाने ए दाबला, मग एच, मग ओ. या वेळी शोधावे लागले नाहीत. एन्टर मारून तिने ते स्क्रीनवरून मोठ्याने वाचलं, नेहमी स्वयंपाकघरातून हाक मारते तसं.

"अहो!"

"ओ," मागून घोगरा आवाज आला.