दुधाच्या रंगाची पिकअप

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा चित्रकलेचा मास्तर आता निसर्गचित्रं काढत बसेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. बायकोचा अंदाज वेगळा होता. "हे काहीतरी घरी घेऊन येतील," ती म्हणायची. मी पिकअप घेऊन आलो.

शिरपूरकडच्या एका खेड्यात विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. मांडवामागच्या खळ्यात, निंबाखाली ती उभी होती. लांब नाकाची, गोल दिव्यांची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेली जुनी पेट्रोल पिकअप. चाकं जमिनीत रुतलेली आणि अंगावरचा निळा रंग पोपडे धरून सोललेला. नवरदेवावर अक्षता टाकायच्या राहिल्या आणि मी तिच्याभोवती फेऱ्या घालत बसलो.

"मास्तर, काय पाही ऱ्हायनात?" मागून आवाज आला. त्या खळ्याच्या मालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या एक अक्का, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचे यजमान या गाडीतून कापूस जिनिंगला न्यायचे. ते गेल्यापासून गाडी तिथेच होती.

"विकायची का अक्का?"

"आते नही. कोंबडी बठेल शे."

मी बॉनेट उचलून बघितलं. इंजिनाशेजारी, बॅटरीच्या रिकाम्या जागेत, एक कोंबडी अंडी उबवत माझ्याकडे रागाने बघत होती. पिल्लं निघाल्यावर निरोप आला. सौदा चहा संपायच्या आत झाला, पण अक्कांनी एक अट घातली, पहिली फेरी त्यांची. "गाडी चालू व्हयनी का पहिले आठे लई या. मी बससू."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "दिवाळीपर्यंत आणतो."

कुठल्या दिवाळीपर्यंत ते मी सांगितलं नव्हतं, एवढंच बरं झालं.

जळगावात आमच्या कॉलनीत ती ट्रॅक्टरमागे दोर बांधून आली. पहिल्या आठवड्यात भंगारवाला न बोलावता दाराशी आला. बायकोने त्याला मोठ्या आपुलकीने पाणी दिलं, थोडा वेळ बसवूनही घेतलं.

इंजिन पूर्ण जाम होतं. नशिराबादला हायवेलगत गॅरेज असलेला माझा एक जुना दोस्त आला. त्याने प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि म्हणाला, "आता भिजू दे. घाई केलीस तर तुटेल." मग मी रोज सकाळी चहाआधी पुढचं हँडल लावून हळूच हलवून बघायचो. बायको खिडकीतून विचारायची, "काय म्हणते? बोलली का काही?" एके दिवशी हँडल बोटभर सरकलं. मी आत पळत जाऊन सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "आपल्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तुम्ही एवढं पळाला नव्हतात," ती म्हणाली.

पुढचं सगळं सावकाश झालं. पेट्रोलच्या टाकीत गंज होता, म्हणून आत बारीक खडी घालून टाकी खुळखुळवायची. कॉलनीत ज्याला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता त्याला मी ते काम द्यायचो. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, ते नवं ओढलं. ब्रेकचे रबर कुजले होते, त्यांच्यासाठी धुळ्याच्या जुन्या बाजारात चकरा झाल्या. कार्ब्युरेटर मी स्वयंपाकघरात बसून रॉकेलने धुतला आणि त्यानंतर कितीतरी दिवस घरातल्या वरणाला त्याचा वास आहे असं बायकोचं म्हणणं होतं. मला कधी आला नाही.

मधूनमधून अक्कांचा फोन यायचा.

"मास्तर, उठनी का ती?"

"नाही अक्का, अजून थोडं बाकी आहे."

"निजू द्या मंग. तिनं बी वय व्हयनं."

फोन बायकोने उचलला तर दोघींचं अर्धा तास चालायचं. त्या हसण्यात माझा विषय असणार, हे मला बाहेर गाडीखाली झोपूनही कळायचं.

रंगाची वेळ आली तेव्हा मात्र मी माझ्या हद्दीत आलो. मोरपिशी छटेचा एक निळा मी स्वतः तयार केला आणि कौतुकाच्या अपेक्षेने अक्कांना फोनवर सांगितलं.

"निळी?" अक्का म्हणाल्या. "ते नंतर कोनी तरी फासेल शे. आमनी गाडी दूधना रंगनी व्हती."

मला पटलं नाही. मी दाराच्या आतल्या कोपऱ्यात पॉलिश पेपर घासला. निळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली तांबडा. अगदी तळाशी, नखाएवढ्या जागेत, साय धरलेल्या दुधासारखा रंग दिसला. माझा मोरपिशी डबा अजून माळ्यावर आहे.

शेवटी एका सकाळी ती सुरू झाली. आधी खोकली, मग काळा धूर सोडला आणि मग अशी काही थरथरत चालू राहिली की समोरच्या घरातली भांडी वाजली. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकोने ते बघितलं आणि म्हणाली, "धुरानेच." तिचेही डोळे ओले होते. धुरानेच असणार.

हौद्याच्या फळ्या मी सागवानी घातल्या होत्या, वर वॉर्निशचे हात दिले होते. त्यात तोंड दिसायचं. कोणी चप्पल घालून चढलं तर मी ओरडायचो.

मग आम्ही दोघं चोपड्यावरून शिरपूरकडे निघालो. उन्हाळा होता, आणि अशा उन्हात जुन्या गाडीचं पेट्रोल इंजिनाशेजारच्या छोट्या पंपातच वाफ होऊन बसतं. चोपड्याच्या पुढे ती गप्प झाली. मी बॉनेट उघडून उभा. बायकोने पाण्याची बाटली घेतली, आपला रुमाल भिजवला आणि पंपावर घडी करून ठेवला. "ताप आलाय तिला. पट्टी ठेवली की उतरेल." उतरलाही. पुढे दर थांब्याला ती खाली उतरून पट्टी बदलत होती, आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हती, कारण हसू आलं असतं.

अक्का रस्त्यावरच उभ्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. त्यांनी गाडीवरून हात फिरवला, दाराच्या आतला कोपरा बघितला आणि मान हलवली. मला इतकं बरं शाळेच्या निरोप समारंभातही वाटलं नव्हतं. मग त्या पुढे चढून बसल्या. बायकोही पुढेच, त्यांच्याशेजारी. गिअर बदलायचा तर प्रत्येक वेळी अक्कांच्या गुडघ्याची परवानगी घ्यावी लागत होती.

गावाबाहेर आल्यावर त्या बोलायला लागल्या. मालक असताना या गाडीत पुढची जागा कधी व्यापाऱ्याची असायची, कधी पाहुण्यांची. त्या मागे कापसाच्या गाठोड्यांवर बसून जायच्या. तिथून मागे पडणारा रस्ता तेवढा दिसायचा. "पुढला रस्ता कव्हय दिसना नही," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. माझी बायको खिडकीजवळ होती. तिने गाडी थांबवायला लावली आणि अक्कांशी जागा बदलली.

मला वाटलं होतं, शिरपूरला चक्कर मारून परत येऊ. अक्कांनी गाडी एका दुकानापाशी थांबवली. हमालाने सरकीच्या ढेपेची पोती आणून धाडकन माझ्या वॉर्निशवर टाकायला सुरुवात केली.

"अक्का! फळ्या नव्या आहेत!"

"गाडी शे ना ती? का देव्हारा शे?"

बायको तोंडाला पदर लावून उभी होती. पुढे वाटेत अक्कांच्या लेकीचं गाव लागणार होतं. त्यांनी घरची एक शेळी आधीच दुकानापाशी आणवून बांधून ठेवली होती, ती लेकीला द्यायची होती. शेळी पोत्यांशेजारी फळ्यांवर चढवली. तिच्या खुरांचा आवाज मला केबिनमध्ये ऐकू येत होता, आणि प्रत्येक आवाजाला मी डोळे मिटत होतो. "रस्त्याकडे बघा," बायको म्हणाली.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की गाडी उडत नाहीये. जळगावपासून रिकामी येताना प्रत्येक खड्ड्याला आमची डोकी टपाला लागत होती. आता मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन आलं होतं आणि ती जड, शांत, डुलत चालली होती. इंजिनाचा आवाजही खाली उतरला होता. मी ते दोघींना सांगितलं. कोणी लक्ष दिलं नाही. त्या ठेच्यात शेंगदाणे किती घालावेत यावर बोलत होत्या.

शेळी लेकीकडे आणि पोती अक्कांच्या खळ्यात उतरवून घरी आल्यावर मी टॉर्च लावून हौदा तपासला. सगळीकडे खुरांचे ओरखडे, फटींत ढेपेचा चुरा, एका कोपऱ्यात लेंड्या. नवं वॉर्निश मी आणलं नाही. पाण्याने धुतलं, उन्हात वाळू दिलं आणि ग्रीस गनने खालचे सांधे भरून घेतले, कारण बायकोने तोवर कॉलनीतल्या बायकांना सांगून टाकलं होतं की सोमवारी सगळ्यांचे गहू आपल्या गाडीतून गिरणीवर जातील.