अभिनंदनाच्या फ्लेक्समागचं वळण

हॉलमधल्या टेबलावर मोबाईल ओळीनं मांडून ठेवले होते. प्रत्येकावर रस्ता सुरक्षेचा तोच व्हिडिओ चालू होता आणि बघायला एकही पोरगा नव्हता. पोरं बाहेर पोहे खात होती.

“सर, व्हिडिओ आपोआप संपतोय. म्होरं माणूस बसायची गरज न्हाई,” संतोष मला म्हणाला. संतोष म्हणजे गावातला ऑनलाइन कामं करून देणारा. मी पाटोद्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणून मला ‘मार्गदर्शक’ या नात्यानं बोलावलं होतं. माझं मार्गदर्शन नारळ फोडण्यापासून सुरू झालं आणि शाल घेण्यापाशी संपलं.

कार्यक्रम अण्णासाहेबांचा. ते गावचे पुढारी. वाढदिवसाला दरवर्षी काहीतरी मोफत वाटतात. यंदा लर्निंग लायसन्स वाटत होते. लर्निंग म्हणजे गाडी शिकण्याची परवानगी. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, गाडीवर लाल ‘एल’ हवा. पूर्वी त्यासाठी आरटीओत जावं लागायचं. आता घरबसल्या व्हिडिओचा धडा बघायचा आणि कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायची. कॅमेऱ्यात ज्याचं तोंड दिसतं तोच उत्तर देतो, असं सरकारनं भाबडेपणानं धरून चाललंय. आमच्याकडे तोंड पोराचं होतं आणि हात संतोषचा.

पहिला मान अण्णासाहेबांच्या मुलाचा. विश्वजित, नुकताच अठरा पूर्ण. स्क्रीनवर त्रिकोणी पाटी आली, आत वाकडा बाण.

“हे काय हाय बे?” विश्वजितनं विचारलं.

“तू हालू नको. कॅमेरा तोंड हुडकतोय,” म्हणत संतोषनं बाजूनं हात घालून ‘पुढे वळण’वर क्लिक केलं.

“अरे, त्याला निदान वाचू तर दे,” मी म्हणालो.

“कावून टाइम घालवता सर? लई पोरं बाकी हायत.”

सगळी पोरं पास झाली. खरं तर अशा निकालाची लाज वाटायला हवी होती, पण तिथं फटाके वाजले. दोन दिवसांत गावभर फ्लेक्स लागले. गॉगल घातलेला विश्वजित आणि खाली ‘वाहन परवाना परीक्षेत घवघवीत यश मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आमच्या भागात पोरगं शिंकलं तरी मित्रमंडळ फ्लेक्स लावतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. चीड मात्र आली.

पुढच्याच आठवड्यात सकाळी अण्णासाहेबांचा फोन. त्यांच्या मुलीची, पल्लवीची, सीईटी होती बीडला. बारावीनंतर पुढं कुठं प्रवेश मिळणार, ते या परीक्षेवर ठरणार. केंद्राचं गेट वेळेवर बंद होतं, मग कोणाचंही ऐकत नाहीत. आणि नेमका घरचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला.

“विश्वजित चालवील. तुमी नुसतं शेजारी बसा. कायद्यात बसतंय ना?”

“बसतंय. पण माझ्या गाडीतनं जाऊ. तिला माझ्या बाजूलाही ब्रेक आहे.”

“आमचं पोरगं तुमच्या त्या डबड्यात? लोक काय म्हणतील सर!”

मी नाहीच म्हणणार होतो. पण दारात गेलो तर पल्लवी आधीच मागच्या सीटवर हॉल तिकीट घेऊन बसलेली. मी नाही म्हटलं असतं तर तो एकटाच गाडी हाकत तिला घेऊन गेला असता. मुकाट्यानं शेजारी बसलो आणि उजवा हात हँडब्रेकवर ठेवला. विश्वजितचा पहिला प्रश्न होता, “हॉर्न कुठाय?”

गावाबाहेर पडल्यावर त्यानं वेग धरला. मी म्हणालो, “पुढे मोठं वळण आहे. वेग कमी कर.”

“वळण असतं तर पाटी नसती का लावली सर?”

“आहे वळण! मी रोज पोरांना शिकवतो या रस्त्यावर.”

“दादा, हळू! एसटी रोज इथंच वळती!” मागून पल्लवी ओरडली.

पण दादाचं लक्ष रस्त्याकडेच्या खांबावर. तिथं त्याचाच फ्लेक्स. “सर, फोटो बघा, कसला आलाय!”

मी हँडब्रेक ओढला आणि दुसऱ्या हातानं स्टेअरिंग दाबून धरलं. गाडी फरफटत कडेच्या पाण्याच्या चारीवरून नांगरलेल्या रानात उतरली आणि ढेकळांत रुतून बसली. कोणाला खरचटलंही नाही. पल्लवी पहिली खाली उतरली ती हॉल तिकीट धरून. पाठोपाठ आलेल्या एसटीला आम्ही दोघांनी रस्त्यात उभं राहून हात केला. विश्वजितला गाडीपाशी सोडलं. केंद्रावर पोचलो तेव्हा शिपाई गेट ओढून घेत होता. त्या फटीतून पोरगी आत शिरली.

तेवढ्यात अण्णासाहेबांचा फोन. “गाडीला किती लागलं?” एवढंच विचारलं. पोरगी पोचली, हे मीच त्यांनी न विचारता सांगितलं.

संध्याकाळी परत आलो तर वळणावर गर्दी. एक कार्यकर्ता मोबाईलवर लाइव्ह करत होता आणि अण्णासाहेब कडाडत होते, “एवढं धोक्याचं वळण, आन् इथं पाटी न्हाई! उद्या रास्ता रोको!”

माझं डोकं सणकलं. रानमालकाकडून विळा घेतला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. विश्वजित खाली पडला, मागून त्रिकोणी पाटी निघाली. आत वाकडा बाण.

कार्यकर्त्यानं मोबाईल पाटीकडं वळवला. मग अण्णासाहेब म्हणाले, “बंद कर रे ते लाइव्ह.”

एखाद्याला वाटेल, आता तरी उमगलं असेल. चारच दिवसांत त्याच खांबावर नवा फ्लेक्स आला, ‘भीषण अपघातातून सुखरूप बचावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. गॉगल तोच.

पल्लवीला प्रवेश मिळाला. अठरा पूर्ण झाल्यावर तिनं लर्निंगची परीक्षा घरी, दार लावून, एकटीनं दिली आणि नापास झाली. त्या गावात या परीक्षेत नापास झालेली ती एकटीच. पुन्हा सगळा व्हिडिओ बघून दिली, पास झाली आणि माझ्याकडे शिकायला आली. रस्त्यावरच्या पहिल्याच धड्याला त्या वळणाच्या अलीकडे तिनं इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

“काय झालं?” मी विचारलं.

“पाटी दिसंना सर,” म्हणाली, आणि उतरून भावाचा फ्लेक्स सोडायला लागली.

तेव्हापासून नवीन पोरगं आलं, की मी आधी विचारतो, लर्निंगला किती वेळा नापास झालास? जो एकदा तरी झाला असेल, त्याला सगळ्यांत आधीची बॅच देतो.