थोरल्या झाडाचे दिवे

इमारतींवर आणि झाडांवर बाहेरून दिव्यांचा झोत कसा सोडायचा याचे आराखडे करणाऱ्या त्या माणसाला सगळं शहर झोतकर म्हणायचं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण थांबतं? बायको म्हणायची, गावभर उजेड वाटणाऱ्या माणसाच्या घरात काळोख. ते खरंच होतं. झोतकर घरी आले की चपला काढायच्या आधी बैठकीतला मोठा दिवा मालवायचे आणि कोपऱ्यातल्या लहान दिव्याशी बसायचे. तिला भाजी निवडायला खिडकीशी जाऊन बसावं लागायचं.

कामाची त्यांची एक रीत होती. पुलाची कमान असो, पाण्याची टाकी असो की बँकेचे दगडी खांब, पहिली संध्याकाळ ते तिथं नुसते उभे राहायचे. उन्हं उतरताना त्या वस्तूचं अंग कुठून काळं पडत जातं ते बघायचे. घरी येऊन कागद पसरायचे आणि मऊ काळ्या पेन्सिलीनं आधी काळोख भरायचे. उजेड कुठं जाता कामा नये ते एकदा ठरलं की उरलेल्या पांढऱ्या जागेत दिवे मांडायला त्यांना फार वेळ लागत नसे. कमानीच्या पोटात पाखरं बसायची, तर ते पोट काळंच राहायचं. बँकेसमोर वरच्या मजल्यावर कुणाची तरी निजायची खोली होती, तर त्या बाजूचा खांब काळा. दिवे विकणारे म्हणायचे, झोतकर आमच्या पोटावर पाय देतात, निम्मी इमारत तर पुसूनच टाकतात.

आणि दुसरी रीत बायकोची. आराखडा झाला की दिवेलागणीला दोघं जागेवर जायची. झोतकर लांब बांबूच्या टोकाला दिवा बांधून उभे राहायचे आणि ती लोक जिथून बघणार तिथं जाऊन उभी राहायची. डावीकडे घ्या, खाली घ्या, एवढं खाली नव्हे, हात थरथरतोय तुमचा, चहा कमी करा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, नवराबायको भर रस्त्यात भांडताहेत. उजेड जास्त झाला की ती एकच वाक्य म्हणायची, "अहो, सगळं दिसतंय." दिसू नये ते दिसायला लागलं, असा त्याचा अर्थ. मग झोतकर दिवा खाली घ्यायचे. तिनं शाळेत चित्रकलेची साधी परीक्षाही दिली नव्हती. पण उजेडाच्या बाबतीत तिचं म्हणणं त्यांनी कधी मोडलं नाही.

एकदाच मोडलं.

चौकातलं ते झाड. त्याला सगळे थोरलं झाड म्हणत, जसं घरातल्या थोरल्याला म्हणतात. खोडाला तिघांनी मिळून कव घालावी एवढं, आणि फांद्या अशा पसरलेल्या की सगळा चौक त्यांच्या पोटाखाली. झोतकर तेव्हा तरुण होते, नाव व्हायचं होतं. चौकाची देखभाल बघणाऱ्या कचेरीनं सांगितलं, झाड चारी बाजूंनी उजळलं पाहिजे, कुठल्याही रस्त्यानं आलेल्या माणसाला दिसलं पाहिजे. झोतकरांनी कागद पसरला, काळी पेन्सिल हातात घेतली आणि काळोखाला जागाच सापडेना. चार रस्ते, चारी बाजूंनी दुकानं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यात तो एकच आराखडा त्यांनी कोरा पांढरा केला. खोडाला वळसा घालून चर खणला, केबल पुरली, बुंध्याशी जमिनीत दिवे बसवले.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पानापानातून उजेड वर चढत गेला आणि शेंड्याला जाऊन थबकला. चौकात जमलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्या टाळ्यांमध्ये बायको चहाच्या दुकानापाशी उभी होती. तिनं म्हटलं, "अहो, सगळं दिसतंय." झोतकरांनी ऐकलं. पण टाळ्या चालू होत्या.

त्या झाडानं त्यांना झोतकर केलं. मग पूल आला, टाकी आली, बँक आली. वर्षं गेली. संध्याकाळ झाली की माणसं पोराबाळांना घेऊन झाडाखाली येत. चहावाल्यानं बाकडी वाढवली. आणि थोड्या वर्षांनी एक नवल लोकांच्या ध्यानात आलं. थंडीत झाडाची पानं गळायची, पण दिव्यांच्या अंगाची गळायची नाहीत. वर शेंडा उघडाबोडका आणि खाली हिरवंगार. लोक म्हणायचे, झोतकरांच्या दिव्यांना माया आहे. झोतकर वरवर हसण्यावारी न्यायचे, आणि आतून फुलायचे.

त्यांचा मेहुणा बागकामातला. सरकारी बागेत माळी म्हणून जन्म घालवून तो बहिणीच्या शहरात राहायला आला. जेवायला आला तेव्हा झोतकरांनी त्याला आवर्जून झाड दाखवायला नेलं, ती न गळणारी पानंही दाखवली. मेहुणा दिव्यांच्या काचेवर पालथा हात ठेवून बघत राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही तर झाडाला रात्रपाळी लावलीत."

झोतकर खळखळून हसले. घरी आल्यावर बायकोला सांगून पुन्हा हसले. ती हसली नाही, भावाला वाढत राहिली. जेवण झालं, हात धुताना मेहुणा हळूच म्हणाला, की त्यानं ते थट्टेनं म्हटलं नव्हतं. पानं गळतात तेव्हा झाड निजतं. हे झाड अर्धं निजतं आणि अर्धं जागं राहतं, आणि जाग्या फांद्यांना थंडी भाजते. त्यात चर खणताना मुळं तुटली असणार. किती, ते आता जमिनीलाच माहीत.

त्यानंतरच्या पालवीला झोतकर रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी चौकात जायला लागले. दिवे लावल्यापासून पहिल्यांदाच ते झाडाकडे उन्हात बघत होते. वरच्या फांद्या पालवल्या. खालच्या, ज्यांची वाहवा झाली होती त्या, नुसत्या काळ्या पडल्या होत्या. नखानं साल खरवडली तर आत ओल नव्हती.

ते कचेरीत गेले. तिथले साहेब चांगले होते, उठून खुर्ची देणारे. झोतकरांनी सांगितलं, दिवे बंद करायचे, नाहीतर झाड जाईल. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दिवे बंद केले. पाच-सहा आठवडे चौक काळा राहिला. झोतकर रोज जाऊन त्या काळोखात उभे राहायचे आणि त्यांना वाटायचं, झाड श्वास घेतंय. मग तक्रारी सुरू झाल्या. पोरंबाळं येईनात, बाकडी रिकामी राहिली, एका म्हाताऱ्याचा पाय कठड्याला अडकून तो पडला. चहावाला स्वतः घरी आला, पायरीवरच बसला आणि म्हणाला की तुम्हीच आमचा चौक उभा केलात आणि तुम्हीच तो पुरताय. झोतकरांनी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

साहेबांनी पुन्हा बोलावलं. दिवे लावावे लागतील म्हणाले. झोतकरांनी हात जोडले. साहेबांना ते आवडलं नाही, त्यांनी मान खाली घातली.

"लोकांना सवय लागली हो," ते म्हणाले. "तुमच्याच दिव्यांची."

झोतकरांनी एकच मागणं केलं, निदान मावळतीच्या बाजूचे दिवे बंद ठेवा, तिकडं अजून जीव आहे. ते मान्य झालं. त्यांनी घरी येऊन जुना पांढरा आराखडा काढला आणि मावळतीची बाजू काळ्या पेन्सिलीनं भरायला बसले. पेन्सिल झिजेपर्यंत भरत राहिले. मेहुणा मागं येऊन उभा राहिला. त्याला विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता, म्हणून झोतकरांनी विचारलं नाही.

त्या थंडीत झाडाची सगळी पानं गळाली. खालची, वरची, सगळी एकदम. झोतकरांनी घरी येऊन सांगितलं, झाड निजलं. बरेच दिवस ते आनंदात होते, बायकोशी थट्टा करायचे, बैठकीतला मोठा दिवासुद्धा एकदोनदा राहू दिला. मग रस्त्याकडेची बाकीची झाडं पालवली, त्यांच्या पालवीची पानं झाली, पानं मोठी होऊन गर्द झाली. थोरलं झाड तसंच उभं होतं.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागल्यावर तिनं काय म्हटलं होतं, हे झोतकरांना माहीत होतं. ते तिलाही माहीत होतं. सगळ्या वर्षांत तिनं ते एकदाही काढलं नाही. त्यांना वाटायचं, एकदा काढावं. चांगलं फैलावर घ्यावं. ती त्यांच्या ताटात पोळी वाढायची आणि विचारायची, भात आणू का?

झाड तोडायला कुणीच तयार होईना. चौकाला दुसरं काय होतं? साहेबांनी निरोप धाडला, की दिवे विकणाऱ्या एकानं एक तोड सुचवली आहे. हिरवे दिवे सोडायचे. खालून भरपूर हिरवा उजेड सोडला की लांबून पालवी असल्यासारखं वाटतं. झोतकर करणार नसतील तर तो करायला तयार आहे.

झोतकर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. नाही म्हटलं तर मेलेल्या झाडाला रंग फासला जाणार. हो म्हटलं तर ते आपल्याच हातानं उजळायचं. शेवटी ते म्हणाले, मी करतो, पण पांढरा दिवा आणि कमीत कमी. साहेब लगेच कबूल झाले.

आराखडा करायला बसले, पेन्सिल हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. आता कुणासाठी काळोख राखायचा? पाखरं कधीच उठून गेली होती.

दिवेलागणीला दोघं चौकात गेली. ती चहाच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली, आपल्या जुन्या जागी. झोतकरांनी बांबू उचलला. आता तो त्यांना जड जायचा. उजेड खोडावरून वर गेला आणि कुठंच अडला नाही. फांदी न् फांदी, डहाळी न् डहाळी, खालच्या फांद्यांवरच्या सालीच्या भेगा, मोकळ्या घरट्याच्या काड्या, सगळं उजेडात आलं. येणारीजाणारी माणसं थांबली. असं रूप त्या झाडाचं कुणी बघितलं नव्हतं. चहावाला दुकानाबाहेर आला आणि म्हणाला की पानांमुळं इतकी वर्षं झाड नीट दिसतच नव्हतं. कुणीतरी एक टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं.

झोतकर बायकोकडे बघत होते.

"अहो," ती म्हणाली, "सगळं दिसतंय."

त्यांनी दिवा खाली घेतला. हातांना सवय होती. मग आणखी खाली घेतला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आताही."

टाळ्या वाढत चालल्या होत्या. झोतकरांनी दिवा पार बुंध्याशी आणला, जमिनीला टेकवला, आणि तिच्याकडे बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. याहून खाली जागाच नव्हती. मग ते खाली बसले आणि दिवा तिथंच बांधायला लागले.