घंटेनंतरचं पातळ

शेवटची घंटा झाली की मोठ्या बाई दोन्ही हात एकमेकांवर आपटून खडूची पूड झटकायच्या, चष्मा डब्यात घालायच्या आणि दाराकडे बघत म्हणायच्या, "घंटा झाली. आता पोरगी आईची!" पोरी दप्तरं उचलून उधळायच्या. आणि गंमत म्हणजे त्यांच्यामागून बाईही तेवढ्याच घाईने निघायच्या.

अशी एखादी बाई तुमच्याही शाळेत असेल. आमच्या रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या बाई. मी नुकतीच नोकरीला लागलेली, म्हणून धाकट्या बाई. गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. शाळेचा पोशाख ठरलेला होता. मोठ्या मुलींना निळ्या काठाचं पांढरं पातळ, लहानींना पांढरं परकर-पोलकं. आमच्या गावच्या तांबड्या धुळीत पांढरं नेसवायचं ज्याच्या डोक्यात आलं, तो माणूस नक्की घाटावरचा असणार. घराघरातल्या आया धोपाटण्याने पातळं बडवताना त्याचा उद्धार करायच्या.

शाळेत मात्र बाईंचा दरारा जबरदस्त. काठ तिरका दिसता कामा नये, वेणीची फीत निळीच हवी. पण फाटकाबाहेर गेल्या की ही बाई कुणी वेगळीच. एकदा संध्याकाळी मी त्यांना मासळीबाजारात पाहिलं. पदर खोचून उकिडव्या बसल्या होत्या आणि बांगड्यांच्या वाट्यावरून मासेवालीशी त्यांची चांगली जुंपली होती. शेजारी आमच्याच शाळेतली एक मुलगी आ वासून उभी होती.

"बाई, तुम्ही भांडता?"

"शाळेत मी बाई. इथं मी गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या. "आणि तुला मी ओळखत नाही. आईने पाठवलंन ना? मग बांगडे घे आणि पळ."

हे सगळं ज्यांना खुपायचं ते आमच्या शाळा-समितीचे अध्यक्ष रावसाहेब. निवृत्त मामलेदार. नोकरी सुटली तरी मामलेदारी सुटली नव्हती. एकदा मांडवीच्या बंदरावर त्यांना सातवीतल्या दोन मुली दिसल्या. फुलाफुलांची पोलकी घातलेल्या, उकडलेल्या शेंगा खाणाऱ्या आणि वर मोठ्याने हसणाऱ्या! झालं, सभा बोलावली. पोशाखाचा नियम शाळा सुटल्यावरही लागू झालाच पाहिजे, म्हणाले.

"अहो, त्या आपल्या शाळेच्या मुली आहेत हे कळलंसुद्धा नाही कुणाला!"

"मग शाळेची बदनामीही झाली नाही," बाई म्हणाल्या.

"विनोद नको. शाळेची मुलगी कुठेही शाळेचीच दिसली पाहिजे."

"रावसाहेब, एक विचारू? तुम्ही मामलेदार होतात तेव्हा कचेरीतला डगला आणि पगडी घालून विहिरीवर आंघोळीला बसायचात का?"

सभासदांना एकदम खोकला आला. उपरण्यात तोंड घालून सगळे खोकत बसले आणि नियम तिथल्या तिथे बारगळला. रावसाहेबांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या पुढे कित्येक महिने उतरल्या नाहीत.

मग यमू शाळेत आली.

पोरगी सतरा-अठराची. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कपाळ पुसून माहेरी परतली. आईबाप नव्हते, होते ते काका. त्यांची बंदराच्या रस्त्यावर खानावळ होती. सातवीची फायनल झाली असती तर तिला पुण्याला ट्रेनिंग मिळालं असतं, मग मास्तरीण होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली असती. नाहीतर आहेच काकांकडचं जातं आणि भांडी जन्मभर. पोरगी हुशार, पण रोज पहिला तास संपल्यावर यायची. यायची ती मातकट, बिनकाठाचं लुगडं नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून. नकाशांच्या खोलीत जाऊन शाळेचं पातळ नेसायची, आणि संध्याकाळी पुन्हा ते घडी करून ठेवून लुगड्यात शिरायची. शाळेपुरतं पातळ नेसायला काकांची परवानगी होती. रस्त्यावर नाही.

उशिराचं कारण कळलं तेव्हा मी तर कपाळावर हात मारला. मुंबईला जाणारे लोक लांज्या-संगमेश्वराकडून बैलगाडीने यायचे, रात्री खानावळीत उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बोट धरायला निघायचे. आमच्या शाळेचीही निघायची वेळ तीच. आता मुंबईला निघालेल्या माणसाला दारातच विधवेचं तोंड दिसलं तर तो करतो काय? परत फिरतो, वळकटी खाली ठेवतो, घटकाभर बसतो, पाणी पितो आणि मग नव्याने निघतो. एक गृहस्थ असे परत फिरले आणि त्यांची बोट चुकली. दोष कुणाचा? यमूचा! तेव्हापासून काकांचा हुकूम होता, की शेवटचा उतारू बंदराला लागेपर्यंत तिने मागच्या पडवीतून हलायचं नाही.

बाई मला घेऊन खानावळीत गेल्या. काकांनी पाट दिले, कोकमाचं सरबत दिलं. माणूस वाईट नव्हता हो, हेच तर अवघड होतं. बाई म्हणाल्या, "तिला शाळेचं पातळ घरूनच नेसून येऊ द्या. चार पोरींत मिसळून येईल, कुणाला कळायचंही नाही."

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, भाऊबंद नावं ठेवतात तरी मी तिला शाळेत घातलं. पण तुम्हीच म्हणता ना, घंटा झाली की पोरगी घरची? सगळं गाव जाणतं. शाळेत ती तुमची, तिथं मी काही बोललो? मग शाळेबाहेर ती माझी. आणि खरं सांगू? आता शिमग्यानंतर शाळा बंदच करीन म्हणतो. रोज उशिरा जाऊन कसली परीक्षा देणार ती?"

मोठ्या बाईंनी सरबताचं भांडं अर्धंच खाली ठेवलं आणि उठल्या. शाळेच्या चढणीला लागल्यावर मध्येच थांबल्या.

"माझंच वाक्य गो. माझ्याच तोंडावर मारलंन."

दुसऱ्या दिवशी त्या रावसाहेबांच्या घरी हजर. मीही बरोबर होते, म्हणून सांगते. रावसाहेब झोपाळ्यावर बसले होते. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. पोशाखाचा नियम शाळेबाहेरही हवा."

"काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा. कान जड झालेत."

कान कसले जड! मांजर स्वयंपाकघरात शिरलं तरी बाहेर ऐकू यायचं त्यांना. पण बाईंनी पुन्हा म्हटलं. समितीच्या सभेत रावसाहेबांनी तेच आणखी एकदा म्हणायला लावलं, आणि बाईंनी तिथेही म्हटलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर आल्यावर मी चडफडू लागले तर मलाच म्हणतात, "अगो, म्हटलं म्हणून माझं काय झिजलं?" झिजलं होतं. घंटेनंतरचं ते वाक्य त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं. हात झटकायच्या, चष्मा डब्यात घालायच्या आणि मुकाट्याने जायच्या. मला फार वाईट वाटायचं.

नियम झाला. शाळेच्या मुलीने रस्त्यावर यायचं ते शाळेच्या पोशाखात. फुलं नाहीत, बांगड्या नाहीत. एका वाडीतल्या मुलींनी रांगेने यायचं. अपवाद कुणालाही नाही. हे शेवटचं बाईंनी घालायला लावलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि जिंकल्याच्या आनंदात रावसाहेबांनी विचारलं नाही. देवळात भेटलेल्या यमूच्या काकांना त्यांनी स्वतःच बजावलं, "अपवाद नाही हां!" मामलेदाराच्या शब्दापुढे खानावळवाला काय बोलणार?

पोरी मात्र भयंकर चिडल्या. संध्याकाळीसुद्धा पांढरं! शेंगा खायच्या त्याही पांढऱ्यात! फुलाफुलांच्या पोलक्यावाली ती मुलगी तर सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मग आम्ही आईच्या कधी?"

"यमूची फायनल होईपर्यंत कळ काढ," बाई म्हणाल्या.

तेवढं पुरलं. समितीला जे कळलं नाही ते पोरींना एका वाक्यात कळलं. दुसऱ्या दिवशी मांडवीकडची रांग मुद्दाम वळसा घालून खानावळीच्या दारात उभी. "यमे, चल गो!"

मी त्या दिवशी पलीकडच्या दुकानात उगाच काहीतरी घेत रेंगाळले होते. दहाची वेळ. डोक्यावर वळकटी घेतलेला एक म्हातारा पायरी उतरतो आहे, मागे त्याची मंडळी, दारात काका श्वास रोखून उभे. आणि समोरून पांढऱ्या पातळांची रांग निघाली, सर्वांत पुढे उंच म्हणून यमू. कपाळ कोण बघतो? म्हाताऱ्याने वळकटी सावरली आणि एक हात कपाळाला लावला. "शाळंच्या पोरी! सरस्वतीच आडवी आली म्हणायची. शकुन बरा झाला!" आणि ताडताड बंदराकडे चालू लागला.

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ही बातमी उतारूंमध्ये कशी पसरली देव जाणे. त्या खानावळीतून निघालं की हटकून चांगला शकुन होतो, अशी ख्याती झाली. आठवडाभरात काका स्वतःच पडवीकडे तोंड करून ओरडायला लागले, "यमे, आवर गो, मंडळी निघाली!" मी हे शाळेत येऊन सांगितलं तेव्हा बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि मग नुसतेच डोळे पुसत राहिल्या.

यमू पहिल्या तासाला हजर राहू लागली. फायनल दिली, चांगल्या गुणांनी पास झाली. बाई लगेच समितीपुढे गेल्या, नियम आता मागे घ्या म्हणून. रावसाहेब कसले ऐकतात! मिळालेला मुलूख कधी कुणी परत दिलाय? बाई म्हणाल्या, "राहू दे तर. माझेच डोळे अलीकडे अधू झालेत." त्यानंतर फुलाफुलांचं एकही पोलकं त्यांना रस्त्यावर दिसलं नाही. मासळीबाजारात बांगड्यांचा शिळेपणा मात्र लांबूनही दिसायचा.

बाई आता नाहीत. त्यांच्यामागे आलेल्या बाई फार शिस्तीच्या होत्या, शाळाही पुढे मोठी झाली. मला मात्र मोठ्या बाई आठवतात त्या यमू ट्रेनिंगला निघाली त्या दिवशीच्या. बोटीची वेळ म्हणजे शाळेची वेळ, आणि शाळेच्या वेळेत बाईंनी जन्मात कधी फाटक ओलांडलं नव्हतं. मला म्हणाल्या, "तू जा गो, मी तुझा वर्ग बघते."

मी गेले. उतारूंबरोबर, पुढच्या दारानेच यमू बाहेर आली. तिची पेटी काकांच्या खांद्यावर. या वेळी रांग नव्हती, एकटीच होती. पायरीवरच्या एका बाईने जवळून तिचं कपाळ पाहिलं आणि पाय मागे घेतला. काका थबकले. म्हणाले, "काय बघता? माझी पुतणी आहे. मास्तरीण व्हायला निघालीय. शकुन हवा असेल तर तिच्या मागून चला." आणि पेटी घेऊन पुढे झाले. ती बाई क्षणभर घुटमळली आणि मुकाट्याने मागून निघाली.

उतारूंना बोटीवर नेणारा पडाव सुटला, बोटीला लागला, बोटीने भोंगा दिला. मी धावतपळत शाळेत परतले. बाई माझ्या वर्गात गणित घालत होत्या. खडू हातात तसाच ठेवून त्यांनी मला एवढंच विचारलं,

"काय नेसली होती?"

"शाळेचं पातळ."

"कुणी सांगितलं होतं तिला?"

"कुणीच नाही. काकांनी दुसरं काढून ठेवलं होतं."

बाई खिडकीकडे वळल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागे पोरींनी हळूहळू केवढा तरी गलका केला, पण त्या एकदाही 'गप्प' म्हणाल्या नाहीत.