मेस्त्री आणि माझा हीटर

पौषातला रविवार, सकाळी सात. हजर: मी, सासरे बापू, मेस्त्री आणि गारठलेली जुनी डिझेल जीप.

बॉनेट उघडण्याआधी मेस्त्री त्यावर तळहात ठेवतात, ताप बघितल्यासारखा. दिवाळीतच ते म्हणाले होते, "ताई, थंडीत सुरू व्हायला इंजिनातले जुने हीटर प्लग बदला, तेवढंच लय झालं." मी मात्र इंजिन तापवणारा महागडा हीटर मागवला आणि त्यांच्याकडून हट्टाने बसवून घेतला. जीप काही सुरू होईना.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" बापूंनी विचारलं.

माझ्याकडे न बघता मेस्त्री म्हणाले, "माझ्याच, बापू. चुकलं."

मी खिशातली कामांची यादी काढून वाचू लागले.

आता बापू जीप सेलूला दुरुस्तीला नेतात. त्यांचं ऐकून गावातले दोन ट्रॅक्टरवालेही मेस्त्रींकडे जात नाहीत. माझ्या यादीतल्या बाकी कामांवर खुणा झाल्या. 'बापूंना खरं सांगणे' तेवढं राहिलं आहे.